शाळेचा गणवेश बदलताना परदेशांचे दाखले कितपत उपयोगी पडतात?

राजारामपुरीतील पालक

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी कोल्हापुरातील एका खासगी शाळेत सहावीत शिकते. येत्या जूनपासून गणवेश बदलण्याचा प्रस्ताव संस्थेने पालक-शिक्षक संघापुढे ठेवला आहे. सध्याचा पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट किंवा पँट जाऊन त्याजागी चौकटीच्या कापडाचा शर्ट, टाय, ब्लेझर आणि आठवड्यातील दोन दिवसांसाठी हाउसच्या रंगाचा टी-शर्ट व ट्रॅक पँट असा पूर्ण संच येणार असून, तो एकाच ठरलेल्या दुकानातून घ्यावा लागेल, असेही सांगण्यात आले.

बैठकीत कापड, किंमत, शिलाई यांबद्दल कोणी फारसे बोललेच नाही. सारा वेळ परदेशांवर गेला. एका बाजूने जपान आणि इंग्लंडच्या शिस्तीचे गोडवे गायले, दुसऱ्या बाजूने युरोप-अमेरिकेत गणवेश नसतोच, असे ठामपणे सांगितले, आणि दोन्हीकडच्या मंडळींना त्यापुढचा तपशील विचारला तेव्हा उत्तर मिळाले नाही. पुढच्या बैठकीसाठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. निरनिराळ्या देशांत गणवेश कोण ठरवतो, त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हवामानाचा आणि मुलींच्या सोयीचा विचार कसा होतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिवाजी पेठेतील निवृत्त मुख्याध्यापक

ताई, इंग्लंडचे नाव घेणाऱ्यांना त्या गणवेशाचा उगम कळला, तर ते कदाचित थोडे थबकतील. लंडनमध्ये 1552 साली सहावा एडवर्ड राजा असताना गरीब व अनाथ मुलांसाठी क्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा स्थापन झाली. तेथील मुलांना दिलेला लांब निळा कोट आणि पिवळे मोजे हा पोशाख आजही थोड्याफार फरकाने चालू आहे. पुढे अशा अनेक धर्मादाय शाळा निघाल्या आणि त्यांना लोक निळ्या कोटाच्या शाळा म्हणूनच ओळखू लागले, कारण निळा रंग स्वस्त पडत असे आणि त्यावरून हे मूल दानधर्मावर शिकते आहे हेही दुरून समजत असे. म्हणजे आरंभी गणवेश ही गरिबांची खूण होती. एकोणिसाव्या शतकात हॅरो, ईटनसारख्या श्रीमंतांच्या निवासी शाळांनी आपापले कोट, टोप्या आणि टाय ठरवले तेव्हा तीच वस्तू प्रतिष्ठेची झाली, आणि आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली ती ही दुसरी आवृत्ती. क्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये मात्र गणवेश अजूनही शाळाच विद्यार्थ्यांना विनामूल्य देते. हा भाग टिपणात अवश्य घ्यावा.

दुसरे असे की, इंग्लंडमध्ये गणवेश असलाच पाहिजे असा कायदा नाही. तो निर्णय प्रत्येक शाळेच्या नियामक मंडळाचा असतो. खर्चाबद्दल मात्र कायदा आहे. पालकांच्या तक्रारी वाढल्यानंतर 2021 साली तेथील संसदेने गणवेशाच्या खर्चाविषयी स्वतंत्र कायदा केला आणि त्याच वर्षी सरकारने शाळांसाठी बंधनकारक मार्गदर्शन काढले. शाळेचे नाव अथवा चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवावेत, एकाच विक्रेत्याशी बांधून घेणारे करार टाळावेत आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळण्याची सोय असावी, असा त्याचा रोख आहे. ज्या देशाच्या नावाने आपल्याकडे ठरलेल्या दुकानाचा आग्रह धरला जातो, त्या देशात नेमक्या त्याच प्रकाराला आवर घालण्याचे काम चालू आहे.

आपल्या शहरात हे सांगताना एक गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. फी माफ झाली तरी शाळेत जाण्याचा खर्च पुरता संपत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी जातीजातींची वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले ते त्यामुळेच. केनियाचा अनुभव याच जातीचा आहे. तेथे 2003 पासून प्राथमिक शाळांची फी रद्द झाली, पण गणवेशाचा खर्च पालकांकडेच राहिला. पश्चिम केनियातील काही शाळांत मुलामुलींना मोफत गणवेश देऊन पाहिले, तेव्हा शाळा सोडण्याचे प्रमाण घटले आणि मुलींची लवकर होणारी लग्ने व बाळंतपणेही कमी झाली. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला आहे. आपली शाळा खासगी असली, तरी सवलतीच्या जागांवर शिकणारी मुले तिथेही असतीलच. ब्लेझरचा ठराव करताना त्यांच्या घरचा कोणी बैठकीत हजर आहे का, एवढे पाहावे.

ओसाकाकर

मी मूळचा मंगळवार पेठेतला. नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो आणि आमची मुले येथील सरकारी शाळांत जातात, म्हणून जपानविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, पश्चिम जपानातील काही भाग सोडला तर येथील बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत गणवेशाची सक्ती नाही. सहा वर्षे पुरेल असे पाठीवरचे टणक दप्तर मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाकडे दिसते. सक्तीचा गणवेश सुरू होतो तो सातवीपासून. मुलांचा उभ्या कॉलरचा काळा कोट हा युरोपातील लष्करी पोशाखावरून घेतलेला असून, तोक्योतील गाकुशुइन या उमरावांच्या मुलांच्या शाळेने 1879 साली असा पोशाख सुरू केला आणि 1886 साली तोक्योच्या शाही विद्यापीठानेही तो स्वीकारला. मुलींचा खलाशी पद्धतीचा ब्लाउज आला तो 1920 नंतर, इंग्रजी नौदलाच्या धर्तीवर. ज्याला आपण अस्सल जपानी शिस्त म्हणतो, तिचे कापड असे सगळे उसने आहे. 1980 नंतर पुष्कळ शाळांनी हे दोन्ही सोडून ब्लेझर आणले, कारण देखणा गणवेश असला की प्रवेशासाठी मुले आकर्षित होतात. आपल्या संस्थेच्या मनातही हेच नसेल ना, अशी शंका येते.

दुसरी गोष्ट ऋतूंची. परंपरेने 1 जूनला उन्हाळी आणि 1 ऑक्टोबरला हिवाळी गणवेश सुरू होतो. या दोन तारखा इतक्या पक्क्या असतात की, 1 जूनला सकाळी आगगाडीच्या फलाटावर उभे राहिले तर काळे कोट जाऊन सगळीकडे पांढरे अर्ध्या बाह्यांचे शर्ट आलेले दिसतात. अलीकडे उकाडा वाढल्याने अनेक शाळांनी या तारखाही सैल केल्या आहेत. जुलैच्या उन्हात ब्लेझर घालून मुलांना बसवणारी शाळा येथे शोधूनही सापडणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर तो सर्वस्वी पालकांचा आणि चांगलाच जड असतो. तोक्योच्या गिंझा भागातील एका सरकारी प्राथमिक शाळेने 2018 साली अरमानी या इटालियन कंपनीने आखलेला गणवेश आणला. पूर्ण संचाची किंमत सुमारे 80,000 येन झाली, वर्तमानपत्रांत गदारोळ उठला आणि विषय संसदेपर्यंत गेला. शिस्तीच्या नावाखाली काय होऊ शकते, याचेही उदाहरण ओसाकातलेच आहे. जन्मतः तपकिरी केस असलेल्या एका विद्यार्थिनीला सरकारी माध्यमिक शाळेने केस वारंवार काळे करायला लावले, ती शाळेत येईनाशी झाल्यावर वर्गातली तिची जागा आणि हजेरीतले नाव काढून टाकले, आणि तिने दावा लावला. 2021 साली न्यायालयाने केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही, पण तिला दिलेल्या वागणुकीबद्दल 3 लाख 30 हजार येनांची भरपाई द्यायला लावली. त्यानंतर अनेक ठिकाणी असे नियम रद्द होऊ लागले.

मुलींच्या बाबतीत बदल होतो आहे. तोक्योच्या नाकानो विभागाने 2019 पासून आपल्या माध्यमिक शाळांतील मुलींना स्कर्ट किंवा पँट यांतून निवड करण्याची मोकळीक दिली, आणि ती दिली एका सहावीतल्या मुलीने तशी मागणी केल्यावर. बैठकीत जपानचे नाव पुन्हा निघालेच, तर ही मुलगीही जपानचीच आहे, असे सांगावे.

फ्रँकफर्टहून एक वाचक

युरोपात गणवेश नसतोच, हे विधान जर्मनीपुरते जवळपास खरे आहे. हिटलरच्या काळात मुलांना गणवेशात उभे करण्याचे जे काम झाले त्याची आठवण अजून पुसलेली नाही, त्यामुळे येथे हा विषय निघाला की लगेच मान हलते. फ्रान्समध्ये मुले पूर्वी कपड्यांवरून झगा घालत, तो 1960 नंतर मागे पडला. 2004 साली सरकारी शाळांत धर्माची ठळक चिन्हे घालण्यावर बंदी आली आणि 2024 साली सुमारे शंभर शाळांत गणवेशाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच या शहराने 1994 साली आपल्या सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळांत गणवेश सक्तीचा केला, तो गाजला, आणि आज अमेरिकेतील सुमारे एक पंचमांश सरकारी शाळांत गणवेश आहे. तेव्हा "अमेरिकेत नसतो" हेही अर्धवटच.

पन्हाळा तालुक्यातील शिक्षिका

इंग्लंड, जपान आणि युरोप यांच्या पलीकडेही जग आहे, आणि माझ्या मते आपल्याला अधिक जवळची उदाहरणे तिकडची आहेत.

श्रीलंकेतील सरकारी शाळांची मुले पांढऱ्या पोशाखात जातात आणि त्या गणवेशाचे कापड सरकार विद्यार्थ्यांना मोफत देते. कापड दिले की शिलाई ज्याची त्याने जवळच्या शिंप्याकडून मापाने करून घ्यायची. इंडोनेशियात देशभर एकच पद्धत असून प्राथमिकला तांबडा, त्यावरच्या टप्प्याला गडद निळा आणि त्याहून वरच्या टप्प्याला राखाडी असा खालचा कपडा व वर पांढरा शर्ट असतो. रंग सगळीकडे सारखेच असल्याने कोणत्याही बाजारात कोणत्याही दुकानात तो मिळतो, आणि थोरल्याचा धाकट्याला चालतो. भूतानमध्ये मुलगे घो आणि मुली किरा हा पारंपरिक पोशाखच गणवेश म्हणून घालतात. व्हिएतनाममध्ये उच्च माध्यमिक शाळांतील मुलींचा पांढरा आओ झाय, म्हणजे लांब अंगरखा आणि पायजमा, प्रसिद्ध आहे. तो फार देखणा दिसतो, परंतु सायकलवर आणि पावसात सांभाळायला कठीण, म्हणून कित्येक शाळांनी तो सोमवारच्या ध्वजवंदनापुरता ठेवला आहे.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली पद्धत अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांची. तेथील सरकारी प्राथमिक शाळांत मुले घरच्या कपड्यांवर एक पांढरा झगा चढवतात. उरुग्वेत त्याला गळ्याशी मोठा निळा फितीचा बो असतो. आत रेशीम असो की ठिगळ लावलेला सदरा असो, बाहेरून सगळे सारखे. अर्जेंटिनात शिक्षकही तोच पांढरा झगा घालतात. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये शिक्षकांनी जीन्स व टी-शर्ट घालू नयेत असा आदेश निघाला, तेव्हा आम्हा शिक्षकांना फार राग आला होता. मुलांसारखाच झगा आम्हालाही घाला म्हटले असते, तर मी तरी हरकत घेतली नसती.

मुलींच्या सोयीसाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील वळयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने 2018 साली मुलगे आणि मुली दोघांनाही गुडघ्याखाली येणारी सारखीच पँट आणि शर्ट दिला. कारण साधेच होते, स्कर्ट घातलेल्या मुली खेळताना आणि जिना चढताना अवघडून जात. याच राज्यात 2017 पासून सरकारी शाळांतील मुलांना हातमागाच्या कापडाचा गणवेश देण्याची योजना आहे, त्यामुळे विणकरांनाही काम मिळते.

आणि सर्वांत मोठा धडा आपल्याच राज्याचा आहे. समग्र शिक्षा योजनेत एका मुलामागे दोन गणवेशांसाठी 600 रुपये मिळतात. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती ते पैसे घेऊन गावातच शिवून घेई. 2024-25 मध्ये "एक राज्य, एक गणवेश" म्हणून आकाशी शर्ट व गडद निळी पँट राज्यभर एकदम शिवून देण्याचे ठरले, बेतलेले कापड बचत गटांकडे आले, आणि शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी कित्येक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत. आमच्या वर्गात आलेल्या गठ्ठ्यात चौथीच्या मुलाला बाही कोपराखाली आणि त्याच्याच शेजारच्याला तोच शर्ट पोटावर तंग, असा प्रकार होता. पँटची उंची वयावरून ठरवली होती. आमच्या वाड्यांवरची मुले वयाच्या मानाने किरकोळ, त्यामुळे पायातल्या चपला दिसेनात. अखेर डिसेंबर 2024 मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिले. तुमच्या संस्थेचा एकाच दुकानाचा आग्रह मला याच वळणाचा वाटतो.

राजारामपुरीतील पालक

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, सवलतीच्या जागांवरील मुलांच्या पालकांना मी स्वतः भेटून बैठकीला बोलावते. एक विचारायचे राहिले. हे कापड आणि शिलाईचे गणित इथल्या बाजारातील कोणी समजावून सांगेल का? चौकटीचे कापड साध्यापेक्षा महाग का, आणि ठरलेले दुकान नसेल तर रंग जुळत नाही, असे संस्थेचे म्हणणे आहे, त्यात तथ्य किती?

महाद्वार रोडवरील कापड दुकानदार

ताई, मी याच धंद्यात असल्याने माझ्या बोलण्यात थोडा स्वार्थ धरून चालावे, पण आहे ते सांगतो.

शाळेच्या गणवेशाचे कापड आपल्याकडे मुख्यतः इचलकरंजी आणि भिलवाडा येथून येते, आणि तयार कपडे पुष्कळसे सोलापुरात शिवले जातात. गणवेश शिवण्यात त्या शहराने चांगले नाव कमावले आहे. पांढरा, आकाशी, गडद निळा, खाकी, राखाडी हे रंग बारमाही असतात. त्यांचे तागे कोणत्याही दुकानात पडलेले असतात, म्हणून स्पर्धा असते आणि भाव आटोक्यात राहतो. एका शाळेसाठी खास चौकट बनवायची म्हटले की, सूत वेगळे रंगवून घ्यावे लागते, मागवाल तेवढे सगळे कापड उचलावे लागते, आणि ते दुसऱ्या कोणाला खपत नाही. ज्याने पैसे गुंतवले त्या दुकानदाराला मग शाळेकडून खात्री हवीच असते. दुकान आधी ठरते की चौकट आधी ठरते, हे ज्याचे त्याने ओळखावे. शिवाय चौकट शिवताना खिसा, पुढची पट्टी आणि बाजूची शिवण इथे रेघा जुळवाव्या लागतात, त्यात कापड वाया जाते आणि शिंपी जास्त शिलाई मागतो.

रंग जुळत नाही, ही तक्रार अगदी खोटी नाही. दोन गिरण्यांच्या गडद निळ्यात फरक पडतो, आणि एकाच गिरणीच्या दोन खेपांतही पडतो. मात्र आठ-दहा धुण्यांनंतर सगळेच निळे आपापल्या परीने विटतात, त्यामुळे जूनमध्ये दिसणारा फरक दिवाळीनंतर कोणाला ओळखता येत नाही. शाळेने कापडाचा नमुना सूचना फलकावर लावला आणि कापडातील पॉलिस्टर व सुताचे प्रमाण लिहून दिले, तर कुठलाही दुकानदार त्याच्या जवळपासचे कापड देऊ शकतो. चिन्ह खिशावर छापण्याऐवजी शाळेने बिल्ला वेगळा विकावा आणि तो आईने घरी टाचावा.

आता माया ठेवण्याविषयी. शिंपी मापाने शिवतो तेव्हा पँटच्या पायाला दोन इंच आणि कमरेला मागच्या शिवणीत इंचभर कापड आत दुमडून ठेवतो, स्कर्टला आतून एक चूण घालतो. पुढच्या जूनला उसवून परत टीप मारली की तीच पँट आणखी एक वर्ष चालते. जुन्या घडीची गडद रेघ दिसते, पण मुलांना त्याचे काही वाटत नाही. तयार मालात ही माया जवळजवळ नसतेच. संचाची किंमत पाहताना पालक जूनचा आकडा पाहतात, दोन वर्षांचा पाहत नाहीत. त्या शासकीय गणवेशाच्या वेळी एका गणवेशाच्या शिलाईला 100 रुपये ठरले होते आणि दोनांपैकी एक गणवेश स्काउट पद्धतीचा असल्याने त्याच्या शर्टला वर दोन खिसे आणि खांद्यावर पट्ट्या हव्या होत्या. एवढ्या पैशात माया कोण ठेवणार?

शिवाजी पेठेतील निवृत्त मुख्याध्यापक

दुकानदार साहेब, ब्लेझरबद्दलही तुमचे मत लिहा. संस्थेचा मुख्य ओढा तिकडेच दिसतो.

महाद्वार रोडवरील कापड दुकानदार

गुरुजी, ब्लेझरमध्ये आम्हाला नफा चांगला असतो, तरीही सांगतो की कोल्हापुरात तो डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीच काय तो अंगावर राहतो. जून ते सप्टेंबर मुले भिजतच शाळेत येतात. अस्तर लावलेला कोट एकदा भिजला की आतून दोन दिवस वाळत नाही, बुरशीचा वास धरतो, आणि त्याला पाण्यात धुता येत नाही म्हणून ड्रायक्लीनिंगचा खर्च वेगळा. मुले वर्षात इतकी वाढतात की पुढच्या थंडीत त्याची बाही मनगटाच्या वर गेलेली असते, आणि कोटाच्या बाहीला माया ठेवली तरी अस्तरामुळे ती सोडवणे साध्या शिंप्याचे काम नाही. संस्थेला थंडीसाठी काही हवेच असेल, तर गडद निळा साधा स्वेटर ठेवावा, कोणत्याही दुकानातला चालेल असे लिहून द्यावे, आणि तो ऐच्छिक ठेवावा. हाउसच्या रंगाच्या टी-शर्टला माझी हरकत नाही. फक्त ठराव मार्चमध्ये करा, मे महिन्यात केलात तर चार रंगांत सगळी मापे पंधरा जूनपूर्वी कोणीही देऊ शकणार नाही.